दुर्बिणीवर संशय

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा हायरम बर्डन या नामांकित नेमबाजाने उत्तरेच्या सैन्यासाठी निवडक नेमबाजांच्या पलटणी उभ्या करायला घेतल्या. भरतीची परीक्षा समजायला सोपी आणि उत्तीर्ण व्हायला अवघड होती. २०० यार्डांवरून टेकू घेऊन लागोपाठ दहा गोळ्या झाडायच्या आणि त्या मध्यबिंदूपासून सरासरी पाच इंचांच्या आत बसवायच्या. त्या काळी अशी मोजणी दोरीने होत असे. दोरीचे टोक मध्यबिंदूवर धरायचे, पहिल्या भोकापर्यंत ती ताणायची आणि तिथे चिमटीत पकडायची. मग ती चिमूट पुन्हा मध्यबिंदूवर आणायची आणि तिथून दुसऱ्या भोकापर्यंत दोरी ताणायची. असे दहा वेळा केले की शेवटी जेवढी दोरी भरेल तेवढा त्या माणसाचा निकाल. ५० इंचांच्या आत भरली तर भरती, नाहीतर घरची वाट. काही उमेदवार घरच्या जड रायफली घेऊन आले होते आणि त्यांतल्या काहींवर नळीइतक्याच लांबीची, बोटाएवढ्या जाडीची पितळी किंवा लोखंडी दुर्बीण बसवलेली होती. त्या दुर्बिणीची वेगळी परीक्षा कुणी घेतली नाही. माणसाचा हात, श्वास, रायफलीची नळी, बंदुकीची दारू, वारा आणि दुर्बीण या सगळ्यांच्या चुका त्या एकाच दोरीत गुंडाळल्या गेल्या आणि निकाल मात्र माणसाच्या नावावर लागला.

नेमबाजीच्या दुर्बिणीचा, म्हणजे आज सगळे ज्याला स्कोप म्हणतात त्याचा, इतिहास बहुतेक वेळा भिंगांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. चित्र आधी धूसर होते, मग स्पष्ट झाले, मग आणखी मोठे झाले, अशी ती कथा. मला ती कथा अपुरी वाटते. माझ्या मते या साधनाचा खरा इतिहास त्याच्यावरच्या संशयाचा आहे, आणि तो संशय फार उशिरा जन्माला आला. शंभरहून अधिक वर्षे नेमबाजांनी स्कोपवर विश्वास ठेवला, कारण त्याचा दोष त्यांना दिसूच शकत नव्हता. तो दिसण्यासाठी आधी रायफल सुधारावी लागली. मोजपट्टीतली चूक सापडायची असेल तर मोजली जाणारी वस्तू मोजपट्टीपेक्षा नेटकी असावी लागते, आणि रायफल त्या पायरीला पोहोचली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्कोपच्या परीक्षेच्या ज्या पद्धती आज प्रचलित आहेत त्यांची पाळेमुळे या उशिरात आहेत, आणि त्यांतल्या काही अजून बर्डनच्या दोरीच्या पलीकडे गेलेल्या नाहीत.

हे म्हणणे नुसते तर्कावर उभे नाही, त्याला साधे गणित आहे. दोन स्वतंत्र चुका एकत्र येतात तेव्हा त्यांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवावा. एक बाजू रायफलीची चूक, दुसरी स्कोपची आणि कर्ण म्हणजे कागदावर दिसणारा पसारा. रायफल १०० यार्डांवर एक इंचाचा पसारा देत असेल आणि स्कोपमधली फुली दर गोळीला पाव इंचाइतकी हलत असेल, तर कागदावर १ ऐवजी १.०३ इंच दिसतात. शंभरातल्या तीन भागांचा हा फरक पाहून स्कोपवर बोट ठेवणारा माणूस जन्मलेला नाही. आता रायफल पाव इंचाची घ्या आणि स्कोप तोच, पाव इंच हलणारा. पसारा ०.३५ इंच होतो, म्हणजे मूळच्या जवळजवळ दीडपट. जो दोष काल अदृश्य होता तोच आज सामना घालवतो. स्कोप बदललेला नाही, फक्त त्याचा आडोसा गेला आहे.

मराठी वाचकाला रायफल नेमबाजी ओळखीची झाली ती मुख्यतः ऑलिंपिकमुळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. त्याआधी तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचे जगज्जेतेपद पटकावले. या प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. मागे बारीक छिद्राची तबकडी आणि पुढे कड्याची माशी, एवढ्यावरच नेम धरायचा असतो. स्कोपचे राज्य वेगळ्या स्पर्धांत आहे. टेबलावर रायफल टेकवून गोळ्यांचा पुंजका किती लहान होतो हे मोजणारी बेंचरेस्ट नेमबाजी आणि हजार यार्डांपर्यंत झोपून, टेकू घेऊन खेळली जाणारी एफ-क्लास हे त्यांतले दोन मोठे प्रकार. एफ-क्लासमध्ये हजार यार्डांवर दहा गुणांचे वर्तुळ दहा इंच व्यासाचे असते आणि त्यातले आतले एक्स वर्तुळ पाच इंचांचे. इथे हाताचा थरथराट टेकूने बराचसा बाजूला काढलेला असतो, म्हणून साधनाची चूक उघडी पडते. स्कोपच्या परीक्षेचा विचार याच मंडळींनी केला, यात नवल नाही.

सुरुवात मात्र बरीच आधीची आहे. जॉन रॅटक्लिफ चॅपमन या अभियंत्याने १८४८ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन रायफलीवर एक पुस्तक छापले. त्याच्या लांबलचक नावातच अचूक नेमबाजीत चूक कशाने होते आणि कुठे होऊ शकते हे सांगण्याचे वचन होते. रायफल बनवणारा मॉर्गन जेम्स याने चॅपमनच्या आराखड्यावरून दुर्बिणी बनवल्या. पुढे सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कम याने १८५५ पासून रंगदोष काढलेल्या भिंगांच्या दुर्बिणी विकायला सुरुवात केली आणि चित्राच्या कडेला दिसणारी रंगीत झालर गेली. कुणी म्हणेल, संशय तर १८४८ पासूनच आहे, मग तो उशिरा जन्मला असे कसे म्हणता? आक्षेप बिनबुडाचा नाही. चॅपमनला चूक कुठे कुठे दडू शकते हे ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि दाखवून देता येणे वेगळे. त्याच्या हाती असलेल्या नळीत गोळी तोंडाकडून ठोकून भरावी लागे आणि दारूचे माप हाताने घ्यावे लागे. दर बाराला एवढ्या गोष्टी बदलत असताना फुली केसभर हलली की नाही हे कागदावरून काढणे अशक्य होते. त्याने चुकांची यादी केली. एकेका चुकीला वेगळे काढायची सोय त्याच्याजवळ नव्हती.

ती सोय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ याने, आणि तीही दुर्बीण बाजूला ठेवून. व्हिटवर्थ यंत्रकार होता, इंचाच्या सूक्ष्म भागांपर्यंत मोजणारा. ब्रिटिश सरकारने रायफलीचा प्रश्न त्याच्याकडे सोपवला तेव्हा त्याने आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांब, १६ फूट रुंद आणि २० फूट उंच असा बंदिस्त बोगदाच उभारला, म्हणजे वारा हा घटक गेला. वाटेत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी त्यांना भोके पाडत जाई आणि ती भोके जोडली की गोळीची वाट डोळ्यांपुढे उभी राही. १८५७ साली हाइथ इथे सरकारी चाचणी झाली. ५०० यार्डांवर सैन्याच्या एनफिल्ड रायफलीच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २७ इंच भरकटल्या, तर व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या जेमतेम साडेचार इंच. तीन वर्षांनी, २ जुलै १८६० रोजी, विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. तिचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढली, यंत्रात जखडलेली व्हिटवर्थ रायफल उडाली आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत बसली. त्या बारात नेम धरणारा डोळा नव्हता, खांदा नव्हता आणि स्कोपही नव्हता. मला हा प्रसंग राजेशाही समारंभापेक्षा प्रयोग म्हणून महत्त्वाचा वाटतो. सगळे काढून टाकल्यावर नुसती नळी काय करते, हे हजारो लोकांसमोर दाखवले गेले.

व्हिटवर्थ रायफलीवर पुढे जी दुर्बीण बसवली गेली तिचा कर्ता डेव्हिडसन हा मुंबई इलाख्याच्या सैन्यात नोकरी केलेला अधिकारी होता. १८६२ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. रायफलीच्या डाव्या अंगाला बसणाऱ्या या आखूड दुर्बिणी दक्षिणेच्या सैन्यातल्या काही निवडक नेमबाजांच्या हाती यादवी युद्धात होत्या. युद्धात स्कोपने नाव कमावले, पण युद्ध ही स्कोपची परीक्षा नव्हे. रणांगणावर चुकलेल्या गोळीचा पंचनामा होत नाही.

दुर्बिणीशिवाय किती अचूकता गाठता येते, याचे उत्तर १८७४ साली लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर मैदानात मिळाले. अमेरिका आणि आयर्लंड यांच्यातला सामना ८००, ९०० आणि १००० यार्डांवर झाला आणि अमेरिकेने तो ९३४ विरुद्ध ९३१ असा जिंकला. दोन्ही संघांच्या रायफलींवर उघडी साधने होती: मागे उंच पट्टीवर सरकणारे छिद्र, त्याला व्हर्नियरची बारीक मापे, पुढे माशीजवळ पातळी दाखवणारा बुडबुडा. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. या नेमबाजांना चित्र मोठे दिसत नव्हते. त्यांचे बळ होते आकड्यात. आज ९०० यार्डांना पट्टी जिथे होती तिथेच उद्या आणून ठेवता येत होती, कारण व्हर्नियरवरचा आकडा वहीत टिपलेला असे. नेमसाधनाकडून आपण दोन वेगळी कामे मागतो: लक्ष्य दाखवणे, आणि लावलेल्या जागी टिकून राहणे व सांगितल्यावर तेवढेच हलणे. क्रीडमूरच्या साधनांत पहिले काम बेताचे होते आणि दुसरे उत्तम. नंतरच्या स्कोपमध्ये पहिले उत्तम झाले आणि दुसऱ्याकडे बराच काळ कुणी पाहिलेच नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे डॉक्टर फ्रँकलिन मॅन यांनी १९०९ मध्ये ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामागे वर्षानुवर्षांचे प्रयोग होते. त्यांनी जमिनीत काँक्रीटचा भक्कम ओटा घातला, त्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची लोखंडी खाच बसवली आणि दस्ता काढून टाकलेली नुसती नळी त्या खाचेत ठेवून बार काढले. खाच हलत नाही आणि नळी दर वेळी त्याच जागी येऊन बसते, म्हणून नेम धरायचा प्रश्नच उरत नाही. व्हिटवर्थसारखेच वाटेत कागदी पडदे लावून गोळी कुठे कलते, कशी डोलत जाते हे त्यांनी पाहिले. त्यांचा निष्कर्ष गोळी आणि नळीबद्दल होता आणि त्या विषयात तो अजून वाचला जातो. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे ती रीत. ज्या घटकाची परीक्षा घ्यायची तो सोडून बाकी सगळे जखडून टाकायचे. नळीसाठी हे मॅन यांनी करून दाखवले. स्कोपसाठी तेच उलट्या दिशेने करायला आणखी साठ-सत्तर वर्षे जावी लागली.

मधल्या काळातले स्कोप आज पाहिले तर त्यांच्या रचनेतली समज थक्क करते. विंचेस्टरचा ए-५ हा स्कोप विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस आला. पिट्सबर्गमध्ये वेधशाळांच्या दुर्बिणी बनवणाऱ्या ब्रॅशियर यांचा कारखाना फेकर यांनी घेतला आणि तिथून नेमबाजांसाठी स्कोप निघू लागले. फेकरकडे काम केलेल्या जॉन उनर्टल यांनी पुढे स्वतःचा कारखाना काढला, तर कनेक्टिकटच्या लायमनने लांब नळीचे स्कोप स्पर्धकांच्या हाती दिले. या सगळ्यांत एक समान गोष्ट होती: दुर्बिणीच्या आत काहीच हलत नसे. भिंगे आणि फुली जागच्या जागी पक्की, अनेकदा ती फुली कोळ्याच्या तंतूची. नेम बदलायचा तर अख्खी नळी हलायची. पुढचा टेकू बिजागरीसारखा आणि मागच्या टेकूवर काटकोनात दोन मायक्रोमीटर स्क्रू, समोरून स्प्रिंगचा दाब. दोन टेकूंमधले अंतर ७.२ इंच ठेवत, आणि त्याला कारण होते. स्क्रूची एक क्लिक नळीला इंचाच्या दोन हजाराव्या भागाएवढी ढकलते. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच, ७.२ च्या बरोबर ५०० पट. म्हणून लक्ष्यावर नेम नेमका पाव इंच सरकतो. बार झाला की नळी झटक्याने टेकूंमध्ये पुढे सरके आणि नेमबाज ती हाताने पुन्हा मागे ओढून घेई. वरून ही कटकट वाटते, पण सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर होती. स्क्रू ढिला असेल तर हाताला कळे, स्प्रिंग थकली असेल तर दिसे.

१९३० मध्ये अमेरिकेत बिल वीव्हर यांनी शिकाऱ्यांना परवडेल असा स्वस्त स्कोप आणला. त्याची नळी रायफलीवर घट्ट बसे आणि नेम आतून बदले. युरोपात ही वाट आधीपासून होती. महायुद्धानंतर ती सगळीकडे रूढ झाली. बाहेरची नळी स्थिर, तिच्या पोटात एक छोटी नळी मागच्या टोकाला टांगलेली. वरून आणि बाजूने एकेक स्क्रू तिला ढकलतो, समोरच्या कोपऱ्यातून एक स्प्रिंग उलट दाबते. क्लिक फिरवली की आतली नळी कलते. ही रचना आटोपशीर आहे, धूळपाण्यापासून सुरक्षित आहे, रायफल खांद्यावर टाकून डोंगर चढणाऱ्यासाठी तीच योग्य. पण तिने हलणारा भाग नजरेआड केला. आतली नळी कुठे अडकली, स्प्रिंग कमी पडली, की क्लिक फिरवल्यावर काहीच होत नाही आणि दोन गोळ्यांच्या धक्क्यानंतर ती एकदम जागेवर जाते. मग दहाच्या वर्तुळाबाहेर गेलेल्या त्या दोन गोळ्यांचे खापर वाऱ्यावर फुटते. स्क्रू थोडा पुढे नेऊन पुन्हा मागे आणायचा, किंवा क्लिकनंतर स्क्रूच्या टोपीवर बोटाने टिचकी मारायची, या सवयी नेमबाजांत पसरल्या त्या यामुळे. ती टिचकी म्हणजे साधनावरच्या संशयाची पहिली खूण होती, जरी मारणाऱ्याने तिला संशय म्हटले नसले तरी.

तो संशय पुराव्यावर उभा राहिला बेंचरेस्टमुळे. १९४७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन्सटाउनला या नेमबाजांनी संघटना बांधली. त्यांच्या खेळात लक्ष्याचा मध्य लागला की नाही याला किंमत नव्हती. पाच किंवा दहा गोळ्यांची भोके एकमेकांच्या किती जवळ आहेत, एवढेच मोजायचे. लवकरच पाचही गोळ्या एका फाटक्या भोकातून जाऊ लागल्या आणि वेगळीच अडचण आली: गोळ्या खरोखर पाच होत्या, हे सिद्ध कसे करायचे? म्हणून लक्ष्याच्या मागे सावकाश सरकणारी कागदाची पट्टी लावली गेली. पुढच्या कागदावर एकच भोक असले तरी मागच्या पट्टीवर पाच वेगळी भोके उमटतात. १९७५ मध्ये लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी सहा मिलिमीटरचे पीपीसी काडतूस आणले, आणि १०० यार्डांवर पाव इंचाच्या आसपासचे पुंजके चांगल्या स्पर्धकाकडून सातत्याने अपेक्षित होऊ लागले. आता त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. चार गोळ्या एका भोकात आणि पाचवी विनाकारण अर्धा इंच बाहेर, हे वारंवार दिसू लागले, आणि नळी, दारू, गोळी बदलूनही जाईना तेव्हा नजर वर वळली, स्कोपकडे.

त्यांनी शोधलेला उपाय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. एकाच ठोकळ्यावर दोन स्कोप शेजारीशेजारी बसवायचे आणि दोघांच्या फुल्या एकाच खुणेवर आणायच्या. बार काढायचा. मग रायफलीला हात न लावता दोघांतून पाहायचे. रायफल हलली असेल तर दोन्ही फुल्या सारख्याच हललेल्या दिसतील. एक इकडे आणि दुसरी तिकडे असेल तर दोघांपैकी एकाच्या पोटात काहीतरी सरकले आहे. जो स्कोप खात्रीचा ठरला आहे तो शेजारी ठेवला की दोषी कोण हे लगेच कळते. नेमबाजाचे कौशल्य, वारा, गोळीचा पसारा, काहीच मध्ये येत नाही. कागदावरचे भोक पाहायचीसुद्धा गरज नाही. मॅन यांच्या काँक्रीटच्या ओट्याचे काम इथे दुसरा स्कोप करतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. स्कोप शेवटी गोळी झाडण्यासाठी असतो, तेव्हा गोळी झाडूनच त्याची परीक्षा व्हावी, असे पुष्कळ अनुभवी नेमबाज म्हणतात. त्यांची आवडती चाचणी चौकोनाची: एक पुंजका मारायचा, मग वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, आणि शेवटचा पुंजका पहिल्यावर बसला तर स्कोप पास. आक्षेपातला एक भाग मी पूर्ण मान्य करतो: धक्क्याशिवाय घेतलेली परीक्षा अपुरी, कारण बरेच स्कोप धक्क्यानेच बिघडतात. दोन स्कोपांची पद्धत धक्का कायम ठेवते, म्हणून ती मला पटते. पण कागदावरच्या पुंजक्यांवरून निकाल लावणे म्हणजे बर्डनच्या दोरीकडे परत जाणे. एक इंचाचे पंचगोळी पुंजके देणाऱ्या रायफलीत, स्कोप निर्दोष असला तरी, पुंजक्याचा मध्यच सुमारे दीड दशांश इंच इकडेतिकडे होतो. दोन पुंजक्यांचे मध्य ताडून पाहिले तर ही अनिश्चितता दोन दशांशांवर जाते. एवढ्या धुरळ्यात पाव इंचाची एक क्लिक शोधायची. चांगला स्कोप नापास होतो आणि वाईट स्कोप पास, दोन्ही नशिबाने.

दुसरा आक्षेप विजेत्यांचा. अमुक स्पर्धेत पहिल्या वीसांपैकी पंधरा जणांकडे तमुक स्कोप होता, मग आणखी कसली परीक्षा हवी? पण त्या यादीत हरलेल्यांचे स्कोप नसतात. तोच स्कोप शेवटच्या वीसांतही पंधरा जणांकडे असू शकतो. तिसरे म्हणणे दुकानात रोज ऐकू येते: चित्र बघा किती लख्ख आहे. स्पष्ट चित्राची किंमत मी कमी लेखत नाही. पण ४० मिलिमीटर भिंगाच्या बऱ्या स्कोपमधून १०० यार्डांवर दीड-दोन मिलिमीटरचा तपशील ओळखता येतो, आणि भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी मृगजळाची लाट त्याहून जास्त डोलते. चित्राची आणखी स्पष्टता तिथे उपयोगाला येत नाही. उलट चित्र लख्ख असूनही ते फुलीच्या पातळीवर नेमके पडत नसेल, तर डोळा बाजूला सरकताच नेम सरकतो. १०० यार्डांना जुळवलेला ४० मिलिमीटरचा स्कोप २०० यार्डांना वापरला, तर डोळा पार कडेला गेल्यावर ही फसवणूक दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. दुकानाच्या दारातून समोरच्या पाटीकडे पाहून यातले काही कळत नाही.

क्लिकच्या आकड्याची गोष्टही पाहावी. क्लिकवर लिहिलेले पाव मिनिट म्हणजे कोनाचे पाव मिनिट, आणि कोनाचे एक मिनिट १०० यार्डांवर १.०४७ इंच भरते. पण सोयीसाठी पुष्कळ जण ते एक इंचच धरतात आणि काही स्कोपही तसेच बनलेले असतात. जवळच्या अंतरावर फरक पडत नाही. हजार यार्डांसाठी नेम ३० मिनिटे वर न्यायचा, तर एका हिशेबाने गोळी ३१४ इंच चढते, दुसऱ्याने ३००. चौदा इंचांची ही तफावत दहा इंचांच्या वर्तुळात मावत नाही, आणि ती क्लिकच्या आवाजावरून कधीच ओळखू येत नाही.

बेंचरेस्टवाल्यांनी शेवटी काय केले, ते सांगण्यासारखे आहे. त्यांच्यातल्या काहींनी महागड्या स्कोपच्या पोटातली हलणारी नळी गोंद घालून कायमची जाम केली आणि नेम बदलण्यासाठी बाहेरून स्क्रू असलेले टेकू पुन्हा बसवले, उनर्टल आणि लायमनच्या जमान्यातल्यासारखे. प्रगती उलटी फिरली असे कुणाला वाटेल. मला हा सगळ्यात प्रामाणिक निर्णय वाटतो, कारण तो मोजून घेतला होता.

आपल्याकडे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ साली स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर तिचे संस्थापक अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही भरते. इथल्या ज्या नेमबाजांना पुढे स्कोपच्या प्रकारांत उतरायचे असेल, त्यांना एक विनंती. स्कोप घेतल्यावर रायफल रिकामी आहे याची खात्री करून ती भक्कम शिकंज्यात धरा. बरोबर १०० मीटर मोजून समोर आलेख कागदाची लांब पट्टी अगदी उभी लावा, डोके न हलवता ४० क्लिक वर न्या आणि फुली किती सरकली ते कागदावर वाचा. पाव मिनिटाच्या क्लिकने ती २९१ मिलिमीटर सरकली पाहिजे, पाव इंचाच्या क्लिकने २७८. मग परत खाली आणा आणि ती निघाल्या जागी येते का पहा, असे दहा वेळा. शेवटी डोके हळूच बाजूला नेऊन फुली खुणेवरून हलते का तेही बघा. धक्क्याची परीक्षा अजून बाकी राहते, ती दुसऱ्या दिवशी दुसरा स्कोप शेजारी लावून घेता येईल. पण या पहिल्या परीक्षेला एक संध्याकाळ पुरते आणि एकही काडतूस लागत नाही.